कुंकवाखालचा नंबर

आमचे हे बंदुका दुरुस्त करतात असं कळलं की बायका हळदीकुंकवात माझ्यापासून जरा लांब सरकून बसतात. जशी काही मी पर्समध्ये काडतुसं घेऊनच आले आहे. खरं सांगायचं तर यांच्याइतका भित्रा माणूस सगळ्या देवासात शोधून सापडायचा नाही. दिवाळीत कानात कापूस घालून आतल्या खोलीत बसतात. पाल दिसली तर मला हाक मारतात. पण हातात एखादं बिघडलेलं हत्यार आलं की तोच माणूस असा शांत होतो, की त्याच्या पाठीमागे घर पडलं तरी कळायचं नाही.

यांचं नाव मारुती. गिऱ्हाईक 'मिस्त्री' म्हणतं, मीही रागात असले की तेच म्हणते. यांचे पणजोबा दक्षिणेतून दरबाराबरोबर आले आणि देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या शिलेखान्यात, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, कामाला लागले. पुढे दरबार गेले, शिलेखाना गेला, दुरुस्तीचं लायसन्स तेवढं घरात राहिलं. आमचा मोनू पीथमपूरला कारखान्यात जातो. त्याला दुकानात रस नाही आणि मराठी वाचायला दिलं की जांभया येतात. म्हणून तर हे मराठीत लिहिते आहे. धारच्या मंडळींची नावं बदलली आहेत, तेव्हा कुणी ओळखायच्या फंदात पडू नये.

धारचे मालोजीराव आणि इथले कृष्णराव हे सख्खे चुलतभाऊ. दोघांच्या वडिलांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून दोन सारखी रिव्हॉल्वर घेतली होती. जुन्या चालीची, दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढायचा आणि मग चाप दाबायचा. प्रत्येकाबरोबर दोन-दोन सिलिंडर. सिलिंडर म्हणजे गॅसचं नव्हे. ज्यात गोळ्या बसतात ते सहा भोकांचं गोल. एक साध्या छोट्या गोळीचं आणि दुसरं तिच्याहून लांब, जोरदार मॅग्नम गोळीचं. घोडा अर्धा मागे घ्यायचा, बाजूची झडप उघडायची, मधला दांडा ओढायचा, की सिलिंडर तळहातावर येतं. त्या जागी दुसरं घालायचं आणि दांडा परत बसवायचा. तव्यावरची पोळी भाजून होईपर्यंत काम झालेलं असतं.

मेख एवढीच, की प्रत्येक सिलिंडर आपल्याच रिव्हॉल्वरला बेतून बसवलेलं असतं. एकाची दोन आपसात बदलायची, पण एकाचं काढून दुसऱ्याला घालायचं नाही. तसं ते बसतं. फिरतं. टिक असा आवाजही देतं. पण भोक नळीसमोर केसभर चुकतं. मग गोळी नळीच्या काठाला घासते आणि शिशाची कपची बाजूच्या फटीतून बाहेर उडते. म्हणून सिलिंडरच्या तोंडाशी रिव्हॉल्वरच्या नंबरचे शेवटचे आकडे कोरलेले असतात. हे म्हणायचे, "चुकीच्या घरात दिलेल्या लेकीसारखं आहे मालन, दिसायला नांदतंय असं दिसतं."

आता आमच्या दुकानाची रीत सांगते, कारण सगळं तिथेच झालं.

नवरात्राच्या आधी जुनी गिऱ्हाइकं हत्यारं साफसफाईला आणून देतात आणि खंडेनवमीची पूजा झाली की घेऊन जातात. आजेसासऱ्यांनी नियम घालून दिलेला आहे की देवीपुढे जोडलेलं हत्यार मांडायचं नाही. ते उघडून, रिकामं करून, सुटं मांडायचं. आत काही नाही हे देवीला दिसलं पाहिजे. सिलिंडरं सगळी एका ताम्हणात ठेवायची आणि त्यांना हळद-कुंकू, झेंडू वाहायचा. एरवी हे प्रत्येक हत्याराच्या सुट्या भागांना वेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेवतात. त्या दिवशी तेही सोडायचं, देवीपुढे बांधलेलं काही नको. आणि जे सिलिंडर जादाचं म्हणून पिशवीत राहायचं असेल त्यावरचं कुंकू पुसायचं नाही. ते वर्षभर देवीचं म्हणून राहू द्यायचं. त्या दिवशी बायकांनी कशालाच हात लावायचा नाही हाही नियम आहे. या नियमावर मी अनेक वर्षं तोंडसुख घेतलं, पण त्या वर्षी त्यानेच मला वाचवलं, नाहीतर खापर माझ्याच डोक्यावर फुटलं असतं.

त्या नवमीला दोघे भाऊ दुकानात बसले होते. मालोजीराव नेहमीसारखे ताठ. कुणी पेढा पुढे केला तर "ठेवा तिथे," म्हणणारे. कृष्णरावांना कन्नौदला शेतावर जायची घाई होती. "मिस्त्री, जल्दी करो भिया, रस्त्यात जाम लागेल मग!" ते दर दोन मिनिटांनी म्हणत होते. ह्यांनी दोन्ही रिव्हॉल्वरमध्ये साधी सिलिंडरं नंबर बघून बसवली, फिरवून पाहिली, नळीतून उजेडाकडे पाहिलं. त्यात काही चूक नाही. मॅग्नमची दोन राहिली. ती कोणी वापरत नव्हतं. दोन्ही कुंकवाने माखलेली, दोन्ही अगदी सारखी. नंबर बघायचा तर देवीचं कुंकू पुसावं लागणार. हे म्हणाले मनाशी, डावीकडचं धारचं. आणि दोन पिशव्यांत दोन सिलिंडरं गेली.

ऐन थंडीत धारहून फोन आला. मांडवच्या रस्त्यावर मालोजीरावांचं शेत आहे. हरभऱ्यात घोडारोजांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप शिरला होता. त्यांना आवाजाने पळवावं म्हणून मालोजीरावांनी स्वतः सिलिंडर बदललं, मॅग्नमचं कुंकवासकट घातलं आणि बांधाच्या मातीत गोळी झाडली. शेजारी त्यांच्या पत्नी राजाबाई चहाचा थर्मास घेऊन उभ्या होत्या. कपची त्यांच्या डाव्या डोळ्यात गेली. इंदूरला नेलं, पण डोळा वाचला नाही.

आम्ही हळहळलो. जेवण गेलं नाही दोघांना. मग मालोजीरावांच्या मुलाचा फोन आला. पोलीस विचारत होते, हे असं कशामुळे होऊ शकतं? ह्यांनी सांगितलं, "दांडा पूर्ण बसला नाही की होतं असं. तुमच्या दादासाहेबांचे हात अलीकडे जरा थरथरतात ना." मनात पाप नव्हतं. जे वाटलं ते बोलले. पण बोलणारे मिस्त्री होते, म्हणून तो शेवटचा शब्द झाला. पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं, रिव्हॉल्वर कुणी न उघडताच जमा झालं, आणि सगळ्या गोतावळ्याने मालोजीरावांना धारेवर धरलं. या वयात हौस कशाला? हात चालत नाहीत तर बायकोला शेजारी उभी कशाला केली? पोटचा मुलगासुद्धा महिनाभर बापाशी बोलला नाही. मालोजीराव कुणाला उलटून बोलले नाहीत, दोष माझाच म्हणायचे म्हणे. ज्यांनी त्यांना आयुष्यभर ओळखलं त्यांना हेच नवल वाटत होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी कृष्णराव दुकानात आले. "मिस्त्री, तो दुसरावाला सिलिंडर अटकतोय यार. जरा पाहा." मी ह्यांचा डबा घेऊन गेले होते. कृष्णराव रिव्हॉल्वर ठेवून चहाला बाहेर पडले. ह्यांनी ते सिलिंडर काढलं, रॉकेलमध्ये बुडवलं आणि ब्रशने घासलं. कुंकू सुटून रॉकेल लाल झालं. मग ह्यांनी भिंग लावलं आणि तसेच बसून राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"हे धारचं आहे."

मला आधी कळेना. मग कळलं. धारचं इथे आहे, म्हणजे इथलं तिथे गेलं होतं. मालोजीरावांनी दांडा नीटच बसवला होता. त्यांचे हात थरथरले नव्हते. ते अगदी बरोबर वागले होते, फक्त आम्ही त्यांच्या पिशवीत दुसऱ्याचं सिलिंडर घातलं होतं.

कृष्णराव परत आल्यावर "यात दोष आहे, वापरू नका" एवढं सांगून ह्यांनी ते ठेवून घेतलं. डबा तसाच घरी आला.

त्या दिवसापासून माझ्या घरात एक चोर राहायला लागला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते मी रोज बघत होते. फोन वाजला की हे दचकायचे. टेकडीवर देवीच्या दर्शनाला नेलं तर पायरीपर्यंत आले आणि तिथूनच हात जोडून परत फिरले. एकदा स्वयंपाकघरातून बाहेर येते तर हे डावा डोळा हाताने झाकून खोलीत चालत होते. चालता चालता डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून चालायला लागले. मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले, आणि मग बाहेर येऊन भांडले.

"सांगून टाका एकदाचं! तो म्हातारा तिकडे तुमचं पाप डोक्यावर घेऊन बसलाय."

मोनू म्हणाला, "पापा, चुप रहो. लाइसेंस जाईल. केस होईल. त्यांनी खुद मानलंय ना, मग तुम्ही कशाला बीच में पडता?"

"लायसन्स गेलं तर गेलं," हे म्हणाले. "मला एकच सांग मोनू. मी फोनवर त्यांचे हात थरथरतात म्हणालो. ते तरी मी कशाला म्हणालो?"

मोनू मोबाइल उचलून बाहेर गेला. पण एवढं बोलला म्हणून माणूस लगेच उठून धारला जातो असं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, लग्नसराई आहे, ऊन फार आहे. शेवटी मीच पिशवी भरली आणि म्हटलं, "तुम्ही येत नसाल तर मी एकटी जाऊन सांगते." माझं मत अगदी पक्कं होतं. खरं ते बोलायचं, पाय धरायचे, मग ते चपला मारोत नाहीतर पोलिसात देवोत. मला दुसरी बाजू म्हणून काही दिसतच नव्हती.

देवासहून इंदूर, इंदूरहून धार. वाटेत हे तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत होते. मी कान दिला तर "दादासाहेब, चूक माझी आहे," एवढंच पुन्हा पुन्हा.

दार मालोजीरावांनीच उघडलं. मी त्यांना ओळखलं नाही. ताठपणा कुठच्या कुठे गेला होता, अंगावरचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता. "या मिस्त्री, या मालनबाई," म्हणाले, स्वतः खुर्च्या ओढल्या, पाणी आणलं. ज्या घरात हा माणूस साधा पेला उचलून इकडचा तिकडे ठेवत नव्हता, तिथे ते म्हणाले, "बसा, मी चहा टाकतो. तिला गॅसपाशी जाऊ देत नाही मी." आणि आत गेले.

राजाबाई पडवीत बसल्या होत्या, डाव्या डोळ्यावर काळी काच. ह्यांनी घोकलेलं सगळं विसरून त्यांच्या पायाशी बसकण मारली आणि रडत रडत सांगून टाकलं. नवमी, ताम्हण, कुंकू, पिशवी, नंबर. फोनवर काय बोलले तेही. "डोळा मी घेतला तुमचा वहिनीसाहेब. दादासाहेबांनी नाही. मी आत जाऊन त्यांना सांगतो आणि उद्याच ठाण्यात लिहून देतो."

राजाबाई जरा पुढे वाकल्या. मला वाटलं, आता शाप देतील. मी मनाची तयारी केली.

"मिस्त्री, आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"आम्हा घरच्यांना. बस."

"मग त्यांना सांगू नका."

ह्यांनी चमकून वर पाहिलं.

"लग्न होऊन मी या घरात आले," राजाबाई हळू आवाजात म्हणाल्या, कान आतल्या भांड्यांच्या आवाजाकडे ठेवून. "इतकी वर्षं झाली, माझं डोकं दुखतं का असं या माणसानं कधी विचारलं नाही. मी माहेरी गेले काय, आले काय. ताट वाढायला उशीर झाला तर ते फेकलेलं आहे त्यांनी. आता डोळ्यात औषध तेच घालतात. पेपर वाचून दाखवतात. रस्त्यानं जाताना माझ्या डाव्या बाजूनं चालतात, मला त्या बाजूचं दिसत नाही म्हणून. तुम्ही सांगाल आणि हे सगळं उद्या सकाळी संपेल. ते निर्दोष सुटतील, आणि मी एका डोळ्यानं पुन्हा ताट वाढत बसेन."

"पण वहिनीसाहेब, ते उगाच..."

"पाप आहे. कळतं मला. रात्री उठून बसतात ते, तेही दिसतं." त्यांनी पदर सारखा केला. "पण डोळा माझा गेलाय मिस्त्री. त्याचं काय करायचं ते मी ठरवीन. तुम्ही माझं काही देणं लागता असं वाटत असेल, तर एवढं करा."

हे माझ्याकडे बघायला लागले, की तू तरी बोल. तीच मी, जी घरून पाय धरायच्या आणि चपला खायच्या गोष्टी करत आले होते.  खोटं बोलू नये हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी त्या बाईकडे पाहिलं आणि त्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचं उत्तर मला फार लवकर सापडलं. त्याची मला अजून लाज वाटते. मी मान खाली घातली. ह्यांना ते कळलं. हे उठून खुर्चीत बसले आणि गमछाने तोंड पुसलं.

मालोजीराव चहा घेऊन आले. ट्रे थरथरत होता, आता खरंच थरथरत होता. त्यांनी पहिला कप राजाबाईंच्या हातात दिला, कपाच्या कानाशी त्यांचं बोट नेऊन ठेवलं, आणि कप नीट धरला जाईपर्यंत आपला हात काढला नाही. मग आमचे कप दिले. आणि मग बसायच्या ऐवजी ह्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"मिस्त्री, तुमच्याशी एक बोलायचं राहिलंय. लोक तुमचं नाव घेत होते. म्हणायचे, नुकतंच देवासहून दुरुस्त होऊन आलं होतं. मी एकूणएकाला सांगितलं, मिस्त्रींच्या कामात दोष निघणार नाही, दोष माझ्या हातांचा. चार पिढ्यांचं काम तुमचं. माझ्यामुळे त्याला बोल लागता लागता राहिला. मला माफ करा."

हे उठून उभे राहिले. तोंड उघडलं. मी पाहिलं, राजाबाईंचा कप ओठांपाशी थांबला होता. मला वाटलं, आता हे बोलणार, आता ह्यांना राहवणार नाही. मला त्या क्षणी काय हवं होतं ते मला सांगता येणार नाही.

"दादासाहेब," हे म्हणाले, "हात कुणाचाही चुकतो. तुम्हाला माफ आहे."

मालोजीराव एकदम खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "हे पहिल्यांदा कुणी म्हणालं हो," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "माझ्या घरातसुद्धा कुणी म्हणालं नाही." राजाबाईंनी कप बशीत ठेवला. बशी वाजली. त्या उठल्या नाहीत, उरलेल्या डोळ्याने समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. शेवटी ह्यांनीच मालोजीरावांना जवळ घेतलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

परतीच्या बसमध्ये हे खिडकीपाशी बसले. घाटाबिल्लोद गेलं, बेटमा गेलं. इंदूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा त्यांनी माझ्याकडे तोंड केलं.

"मालन, त्यांनी माफी मागितली, ती मी देऊन आलो," ते म्हणाले. "आता मी कुणाकडे मागू?"